मागच्या दाराची सोय

"जेवतेस का, हे विचारायला एवढी रांग! माझी आजी रोज फोनवर फुकटात विचारते," रांगेतली एक मुलगी पुढचीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून कुरकुरली.

"तुला निदान तेवढंच विचारतील. मला विचारतील, बाबा रे, थांबतोस कधी?" तिच्या मागचा जाडजूड मुलगा म्हणाला. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. विनोद करून तो आधी स्वतःच हसला. दुसऱ्यांनी हसायच्या आत आपण हसून घ्यायचं, ही त्याची जुनी सवय असावी.

"हळू," दारापाशी खुर्ची टाकून बसलेल्या बाई म्हणाल्या.

बाई एरवी कॉलेजच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारायच्या. आज त्यांना आरोग्य खोलीच्या दारावर बसवलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांची तपासणी दरवर्षीच व्हायची, उंची, वजन, डोळे. यंदा त्यात खाण्याच्या त्रासाबद्दलचे प्रश्न आले होते. आत सिस्टर एकेकाला बसवून तोंडीच विचारत. खायची भीती वाटते का, खाल्ल्यावर स्वतःचा राग येतो का, खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकता का. जो हो म्हणेल त्याला शेजारच्या खोलीत समुपदेशक मॅडमकडे पाठवायचं.

खोलीला दोन दारं होती. मॅडमकडे जाणाऱ्यांना मागच्या दाराने सोडावं, ही सूचना बाईंचीच. "पोरांना सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जायला नको," असं त्या मीटिंगमध्ये म्हणाल्या होत्या. "बघा, याला म्हणतात आईचं मन," प्राचार्य म्हणाले होते. बाई घरी जाईपर्यंत त्या कौतुकावर तरंगत होत्या. नेमकी कोणाची आई म्हणून आपल्याला हे सुचलं, हे मात्र त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

सकाळी पिवळ्या बॅगेची एक मुलगी आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

"ती कुठे गेली?"

"मागून गेली."

"म्हणजे ती त्यातली?"

बाईंच्या आता लक्षात आलं. लपवायला काढलेल्या वाटेनेच चहाडी केली होती. कोण गेलं ते दिसत नव्हतं, पण कोण परत आलं नाही ते सगळ्या रांगेला दिसत होतं. त्यानंतर जो तो पुढच्याच दाराने बाहेर येऊ लागला, पेपर सोपा गेल्यासारखा चेहरा करून. सिस्टरनी मध्येच डोकं बाहेर काढून म्हटलंही, "यंदाची बॅच भलतीच ठणठणीत दिसतेय!"

उपाय साधा होता. आत जाऊन सांगायचं, सगळ्यांनाच मागून सोडा. बाई दोनदा उठल्या आणि पदर सारखा करून पुन्हा बसल्या. रांगेत त्यांची मुलगी होती. सगळेच मागून गेले असते, तर ती हो म्हणाली की नाही, हे त्यांना कधी कळलंच नसतं. आणि ती कुठल्या दाराने यावी, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नव्हतं.

मैत्रिणी मुलीला काडी म्हणायच्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि काडी स्वेटर घालून उभी होती. मागे एका लग्नात मावशीने तिला गोल फिरवून पाहिलं होतं. "काय सुरेख बारीक झालीस गं! आम्हालाही सांग की तुझी युक्ती." सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या.

घरी रात्रीचं जेवण झालं की मुलगी न्हाणीघरात जायची आणि नळ सोडायची. मग तिचे बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. बाई भांडी जरा जोरात घासायच्या. नळ बंद झाला की टीव्हीचा आवाज पुन्हा खाली यायचा. एवढा ताळमेळ त्या घरात दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नव्हता. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे.

"पुढचं कोण?" आतून सिस्टरचा आवाज आला.

मुलगी पुढे आली. कॉलेजात ओळख दाखवायची नाही, असं मायलेकींचं ठरलेलं होतं. अख्ख्या कॉलेजला माहीत होतं, ती गोष्ट वेगळी.

"जा," बाई म्हणाल्या.

"हो, मॅडम," मुलगी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. दार लागलं.

वजनकाटा खडखडला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"काडीला एवढा वेळ?" रांगेत कुणीतरी म्हणालं.

"काट्यावर सापडत नसेल ती."

खसखस पिकली. या वेळी बाई 'हळू' म्हणाल्या नाहीत. पैलवानही हसला नाही. तो आपल्या बुटांकडे बघत होता. बाईंचे डोळे दाराच्या मुठीवर खिळले होते. मागचं दार वाजलं का? नाही, ती खिडकी असावी. की दारच?

मूठ फिरली. मुलगी पुढच्या दाराने बाहेर आली.

"झालं," ती म्हणाली.

बाईंनी कोंडलेला श्वास सोडला. आपण सुटलो, असं वाटलं. आणि सुटलो वाटल्याची लगेच इतकी शरम वाटली, की त्यांना मुलीकडे वर बघवेना.

तिच्या पाठोपाठ सिस्टर दारात आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "बाई, जरा आत येता? दोघीही या."

आवाज खाली आला तशी रांग अधिकच कान देऊन ऐकू लागली. पैलवानाच्या पुढची मुलगी मैत्रिणीच्या खांद्यावरून हनुवटी उचलून ताठ उभी राहिली.

"कशाला हो?" बाई म्हणाल्या. आवाज नको इतका मोठा निघाला. तो सिस्टरसाठी नव्हताच. "हिचं काही नाही. लहानपणापासून अंगकाठीच तशी आहे हिची. घरी मी स्वतः वाढते ना! ताट चाटूनपुसून जेवते. झोपही छान. विचारा की तिलाच! हो ना गं?"

मुलगी दोन पावलं पुढे गेली होती, ती थांबली. स्वेटरच्या बाह्या तिने बोटांवर ओढून घेतल्या. आपल्याला हो म्हणायचं आहे, हे तिला कळत होतं. इतके दिवस ती तेच तर म्हणत आली होती. तिने रांगेकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, मग आईकडे.

"मी जेवते, आणि मग ओकते, आई," ती म्हणाली. "रोज. आणि तुला माहीत आहे. नाहीतर बाबा टीव्हीचा आवाज कशाला वाढवतात?"