तांडेलाची दाढी

तात्सुजीचं तोंड कायम आलेलं असायचं. लग्न होऊन मिचियो त्या घरात आली तेव्हा तिला वाटलं, आपल्या हातचं याला आवडत नाही. मिसोच्या खारट साराचा घोट घेतला की तो डोळे मिटून घ्यायचा, लोणच्याला तर शिवायचाही नाही. मग एकदा त्याने ओठ खाली ओढून दाखवला. आत पांढऱ्या कडांचे फोड होते.

"लहानपणापासूनचं आहे," तो म्हणाला. "येतात, जातात. तुझ्या स्वयंपाकाचा काही दोष नाही."

कधी त्याच्या नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी उठायच्या. दिवसभर उभं राहून लोकांचे केस कापणाऱ्याच्या पायांना काही ना काही व्हायचंच, असं म्हणून दोघांनी तेही मनावर घेतलं नाही.

जपानमधल्या होक्काइदो बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, कोळ्यांच्या त्या गावात केस कापायचं दुकान एवढं एकच. तात्सुजीला ते वडिलांकडून मिळालं होतं. समुद्र गोठला की बोटी वर ओढून ठेवलेल्या असत, आणि रिकामे झालेले कोळी दुकानातल्या रॉकेलच्या शेगडीभोवती येऊन बसत. गप्पा मारायला दाढीचं निमित्त. त्यांच्यात इवाबुची तांडेल, एका बोटीचा म्होरक्या, सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत तिखट जिभेचा.

अशाच एका हिवाळ्यात तात्सुजीने मिचियोला हाक मारली. "आरसा पुसला नाहीस का आज?"

"आत्ताच तर पुसला," ती म्हणाली.

त्याने एकेक डोळा झाकून पाहिलं. आरसा स्वच्छ होता. धुकं त्याच्या उजव्या डोळ्यात होतं. संध्याकाळपर्यंत तो डोळा लालबुंद झाला, दिव्याकडे पाहवेना. दुसऱ्या दिवशी मिचियोने जवळून पाहिलं तर बुबुळाच्या तळाशी पांढुरका थर साचलेला होता, भांड्यात तांदळाचं धुवण बसावं तसा.

गावच्या डॉक्टरने थेंब दिले. काही दिवसांनी डोळा निवळला, थर गेला, आरसा पुन्हा स्वच्छ झाला. तात्सुजी शीळ घालत कामाला लागला. नंतर मिचियोला वाटायचं, तो डोळा तेव्हा बरा झालाच नसता तर परवडलं असतं. मग त्यांनी वेळेवर धावपळ केली असती. पण ते दुखणं यायचं, घर विस्कटून जायचं, आणि जाताना थोडीशीच नजर सोबत न्यायचं. इतकी थोडी, की माणसाने म्हणावं, वाचलो. पुढे डावा डोळाही लाल होऊ लागला.

शेवटी ती त्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. निशिगोरी नावाच्या सावकाश बोलणाऱ्या डॉक्टरांनी यंत्रातून डोळे पाहिले आणि विचारलं, "तोंडात फोड येतात का?"

"मी डोळ्यांसाठी आलोय," तात्सुजी म्हणाला.

"ते कळलं. येतात का?"

"सारखे येतात," मिचियोनेच सांगितलं. "पायांवर गाठीही येतात."

डॉक्टरांनी मान हलवली. तोंड, पाय आणि डोळे यांचं दुखणं एकच आहे, म्हणाले. त्याचं नाव बेहचेट. अंगातली राखण करणारी शक्तीच बिथरते आणि स्वतःच्या घरावर दगड मारायला लागते. डोळ्याच्या आतल्या पडद्यांना सूज येते. प्रत्येक वेळी ती उतरते, पण मागे व्रण ठेवते. गोळ्या देतो, झटके कमी होतील. बंद होतील असं सांगत नाही.

"काम काय करता?"

"न्हावी आहे."

डॉक्टरांनी यंत्र बाजूला सारलं. "वस्तरा लवकरच दुसऱ्या कुणाच्या हाती द्या."

परतीच्या बसमध्ये तात्सुजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही."

तिने सांगितलं नाही. दोन वर्षं गेली. उजव्या डोळ्याला सावल्यांपलीकडे काही उरलं नाही, आणि डाव्याला मध्येच कुठेतरी स्वच्छ तुकडा होता, तेवढ्यातून तो बघायचा. केस तो हाताच्या सवयीने कापी. दाढी करताना डाव्या हाताचं बोट आधी गालावरून फिरवी आणि त्याच्यामागून वस्तरा नेई. लोकांना वाटावं, हीच याची पद्धत. मिचियो टॉवेल गरम करत, जमीन झाडत जवळच घोटाळत राही. गिऱ्हाईक उठून गेलं की तिचे खांदे खाली येत.

त्या दिवशी खुर्चीत तांडेल होता. शेगडीपाशी आणखी कुणी नव्हतं. खुर्ची मागे कलती केलेली, गळ्यावर फेस. तात्सुजीने गाल उरकून वस्तरा गळ्यावर टेकवला आणि तो तसाच थांबला.

मिचियोने वर पाहिलं. त्याचा डावा डोळा सकाळी जरा गुलाबी होता, आता त्यातून पाणी गळत होतं. पापण्या तो जोरजोराने मिटत होता. हात हलत नव्हता. पातं म्हाताऱ्याच्या कंठावर होतं आणि ते पुढे न्यावं की उचलावं, हे त्याला कळत नव्हतं.

तांडेलही हलला नाही. छताकडे बघत शांतपणे म्हणाला, "मिचियो, जरा ये गं इकडे."

ती गेली. नवऱ्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून तिने वस्तरा आधी वर उचलला, मग त्याच्या हातातून काढून घेतला. तो भिंतीला टेकला. तिने आयुष्यात कुणाची दाढी केली नव्हती, पण वर्षानुवर्षं बघितली होती. जीव मुठीत धरून तिने उरलेला गळा साफ केला.

"तुम्हाला ठाऊक होतं," तात्सुजी भिंतीपासून म्हणाला.

"होतं."

"कधीपासून?"

तांडेलाने टॉवेलने तोंड पुसलं. "वसंतापासून डाव्या कानाखाली तू खुंट सोडतोस. घरी गेलो की सून काढून देते."

"बाकीचे?"

"आता बाकीच्यांचं कशाला..."

"तांडेल, बाकीचे?"

"तेही घरी जाऊनच उरकतात," म्हातारा म्हणाला. "कुणी हसत नाही रे तुला. तुझ्या बापाने आमची सगळ्यांची दाढी केली. दुकान बंद पडू नये, एवढंच."

तात्सुजी भिंतीपासून दूर झाला. "म्हणजे एवढे दिवस तुम्ही सगळे मिळून मला खेळवत होता."

"खेळवायला कुणी आपला गळा देतो का, गाढवा?"

"मी मागितला नव्हता."

तो जिना चढून वर गेला. तांडेलाने कोट घातला, दाढीचे पैसे आरशापुढे ठेवले आणि तो बर्फात निघून गेला. नेहमीसारखा दुसऱ्या आठवड्यात परत आला, तेव्हा तात्सुजी खाली उतरला नाही. पुढेही कधी उतरला नाही.

तो झटका ओसरला तेव्हा डाव्या डोळ्यातला स्वच्छ तुकडाही गेला होता. मिचियोने शेजारच्या गावातल्या दुकानात उमेदवारी केली, परवान्याची परीक्षा दिली, पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. नंतर दुकान तीच चालवू लागली. रात्री ती वर जेवण घेऊन गेली की तो विचारी, "आज कोण आलं होतं?" ती नावं सांगे. तांडेलाचं नाव आलं की तो वाटी खाली ठेवी. म्हणून तिने ते नाव घेणंच सोडून दिलं. त्याच्यापासून काही लपवायला आता नजर चुकवावी लागत नव्हती, आणि ती रोज थोडं थोडं लपवत होती.

एका शरद ऋतूत तांडेल झोपेतच गेला. सकाळी त्याची सून दुकानात आली. शेवटचं तोंड धुऊन दाढी करायची होती. "मामंजी सांगून गेलेत," ती म्हणाली, "तात्सुजीच्याच हातून करा म्हणून. आता वस्तरा लागेल म्हणून त्याने घाबरायचं कारण नाही, असंही म्हणाले होते."

मिचियोने वर जाऊन निरोप दिला. तात्सुजी खिडकीशी बसला होता.

"मी नाही येत."

"मी हात धरते तुमचा. फक्त हात ठेवा, बाकी मी करते."

"मेलेल्या माणसाकडूनही भीक घेऊ का मी?"

"भीक नव्हती हो ती."

"तुला काय माहीत," तो म्हणाला. "तुला दिसतंय ना सगळं."

ती एकटीच गेली. तांडेलाचा चेहरा थंड आणि घट्ट होता, फेस त्यावर ठरत नव्हता. तिने दाढी नीट केली. वस्तरा पुसून ती निघाली.

ती परतली तेव्हा वरच्या खोलीत दिवा नव्हता. तो नसायचाच, पण त्या दिवशी तिला तो अंधार जड वाटला. तात्सुजी रडत होता. तिने शेजारी बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

"यायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," मिचियो म्हणाली. खोटं बोलून त्याला सांभाळायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

पुढच्या वसंतात तो शहरातल्या अंधांच्या शाळेत मालिश शिकायला गेला. चाळिशी जवळ आलेला माणूस पोरांच्या बाकावर बसला. तपासणीत डॉक्टर निशिगोरी म्हणाले, आता डोळ्यांना झटके येत नाहीत, दुखणं शांत झालंय. बाहेर आल्यावर मिचियोने त्याला विचारलं, बरं वाटतंय का.

"शांत होणारच," तात्सुजी म्हणाला. "आत जाळायला काही राहिलंच नाही."

तिने त्याचा हात आपल्या कोपरावर घेतला आणि दोघं बसथांब्याकडे निघाली.