फियाटीच्या चाकातलं वंगण

मला गाडीचं भ्या वाटतं, हे मी कुणापासनं लपवलेलं न्हाई. आन लग्न कुणाशी झालं माझं? तर ज्याच्या डोक्यात झोपेतसुद्धा चाकं फिरत्यात अशा माणसाशी! नशीब म्हणत्यात ते हेच.

आमचं गाव लोणी. घरामागं लांबलचक पडवी हाय, तिथं पूर्वी मेंढरं बसायची. माझ्या सासऱ्यांनी, यमाजी त्यांचं नाव, मी त्यांना मामा म्हणते, अर्धी हयात मेंढरांमागं काढली. आता चार-दोन मेंढरं उरलीत आन पडवीत सायकली टांगल्यात. आमचं मालक, गावचा जानकू, डेअरीत कामाला, पण जीव सगळा त्या पडवीत. भंगारातनं सायकल आणायची, गंजकी, सीट फाटलेली, मडगार्ड लोंबतंय. मग आख्खा रविवार तिच्यापुढं मांडी घालून बसायचं. चैन रॉकेलात भिजवायची, छर्रे पुसून ताटलीत मांडायचे. माझ्या ताटलीत! मी म्हणायची, "अवो, माणसाचं बूड एक, सायकली कितीक?" तर हसायचे. "तुला नाय कळायचं, निर्मला."

सायकलीपतूर मी कळ काढली. मग मंचरच्या एका डॉक्टरांच्या अंगणात पडून असलेली जुनी फियाट ट्रॅक्टरला बांधून घरी आली. तिला उंदरांनी घर केलं व्हतं. मालक वरीसभर तिच्याखाली झोपले, बाहेर नुस्ते पाय दिसायचे. ज्या दिवशी ती धूर सोडून सुरू झाली त्या दिवशी गावानं टाळ्या वाजवल्या आन मी देवापुढं जाऊन बसले, की देवा, ही आता बंद पडू दे. देवानं काय ऐकलं न्हाई.

सगळी मला हसायची. मामा तर म्हणायचे, "सूनबाई, गाडीला काय भ्यायचं? ती काय बैल हाय उधळायला?"

त्या फियाटीला एक खोड व्हती. ब्रेक दाबला की चाकं किंचाळायची. गावाच्या वेशीपासनं कळायचं, आली जानकूची गाडी. मालक म्हणायचे, ब्रेकच्या लायनरवर धूळ बसलीय, दसरा झाला की उघडून घासतो. मामांना ते पटायचं न्हाई. आमच्याकडं बैलगाडीचं चाक कुरकुरलं की लोक गाडीवानाला नावं ठेवत्यात, आळशी म्हणत्यात. "आरं, ते चाक वंगण मागतंय," मामा म्हणायचे.

"आबा, ह्या चाकाचं तसं नसतं. तुमी गाडीला हात लावू नका बरं," मालक बापाला बजावायचे.

गाडीला हात लावणं म्हंजी ह्यांच्या काळजाला हात लावणं. एकदा मी ह्यांच्या पान्यानं नारळ फोडला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत.

स्वराज चार वर्षांचा व्हता, त्या सालचा दसरा. खंडेनवमीला मालकांनी फियाट धुतली, सायकली धुतल्या. पाटावर सगळी हत्यारं मांडली. खुरपी, कोयतं, मामांची लोकर कातरायची कात्र, आन शेजारी ह्यांचे पाने, पक्कड, हवेचा पंप. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. एकदा पुजली की दसऱ्याचं सोनं लुटून होईस्तवर हत्यारं उचलायची न्हाईत, ही आमच्या घरची रीत. कुणी मोडत न्हाई.

दसऱ्याच्या सकाळी मालक अंघोळीला गेले, मी चुलीपुढं पुरणात हात घालून बसलेली. तेवढ्यात मामांनी जे केलं ते आमाला नंतर कळलं, पण तुमाला आत्ताच सांगते. चाकाच्या आत ब्रेकचा ड्रम असतो, त्याला एक भोक असतं. मामांनी एरंडेल तेलात वंगण पातळ कालवलं, लांब नळीच्या डब्यात भरलं आन चारी चाकांच्या भोकांतनं आत सोडलं. मायेनं सोडलं. दसऱ्याला बैलगाडीला वंगण घालत्यात, मग पोराच्या गाडीनंच काय घोडं मारलंय? आन ब्रेक म्हंजी लायनर आन ड्रम एकमेकांना घासायची गोष्ट. तिथं तेल गेलं की झालं कल्याण.

आमी निघालो माझ्या माहेरी, आण्याला. सासूबाई घरी राहिल्या, एक मेंढी व्यायला झाली व्हती. मामा पुढं बसले, मी आन स्वराज मागं. सासऱ्याच्या बरोबरीनं बसायचं न्हाई म्हणून तसं, आन मला पुढचा रस्ता बघायचाच नसतो म्हणूनबी. पदर डोक्यावर घेतला आन डोळे मिटले.

वेशीवर ब्रेक लागला आन चाक किंचाळलं न्हाई. मालक खूश! "बघितलं का? काल धुतली ती कशी गुमान झाली!" मी डोळे किलकिले केले, तर आरशात मामा दिसले. मिशीतल्या मिशीत हसत व्हते.

बेल्ह्याच्या बाजारात गर्दी, तिथं मालकांनी दोनदा पाय दाबला. मग म्हणाले, "ब्रेक जरा मऊ लागतोय." मी म्हणलं, "अवो, मग थांबवा की. बघा खाली उतरून."

"बघायचं कशानं? पाने पुजेत हायेत."

"कुणाकडनं मागून घ्या."

"आज दसऱ्याला कोण हत्यार देईल आन कोण घेईल?" मामा म्हणाले. "चल रं, जानकू. बाईमाणूस भितंच."

चढाला ब्रेक लागत न्हाई. घाट चढून पठारावर गेलो, आईनं भरवलं, भावजयीनं ओवाळलं, स्वराजनं माझ्या भावाच्या पोरांबरोबर गाडीच्या टपावर दंगा केला. सांजच्याला लोणीत सोनं लुटायचं म्हणून ऊन असतानाच परत फिरलो.

घाटाच्या पहिल्या वळणाला मला कळलं. कसं कळलं म्हणाल तर मालक बोलायचे थांबले. गाडी चालवताना हा माणूस गप बसत न्हाई, हे इंजिन असं, तो गेर तसा. आन आता एकदम गप. मान ताठ. गाडीत वास यायला लागला, कढईत तेल जळल्यावाणी.

"अवो, वास कसला?"

मालकांनी दोन्ही हातांनी स्टेरिंग आवळलं.

"अवो!"

"पोराला धर," म्हणाले. आवाज ह्यांचा नव्हता.

मी स्वराजला मांडीवर ओढलं. बाहेर बघायचं न्हाई असं ठरवलेलं, पण डोळे उघडेच राहिले. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कठडा, कठड्याच्या पलीकडं काय न्हाई. ह्यांचा पाय ब्रेकवर व्हता, पार गुडघा ताठ झालेला, आन गाडी पळतच व्हती. हातब्रेक ओढला. पार बाहेर आला, पण गाडीला त्याची दाद ना फिर्याद. गेर खाली टाकायला गेले तर खर्रर्र असा आवाज, वेगात तो बसंचना, आन मधल्यामधी गाडी मोकळीच सुटली. आई गं! देवाचं नाव घ्यावं तर एकबी देव आठवंना. माझ्या ध्यानात एवढंच, की हे पोर माझ्या मांडीवर हाय आन ही मांडी काय उपयोगाची न्हाई.

समोरनं ट्रक आला, चढाला लागलेला, रस्ताभर. मालकांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच न्हाई. ट्रकवाल्यानं बाजूला घेतलं, आमी त्याला चाटून गेलो. माझ्या बाजूच्या काचेत त्याचं चाक दिसलं, माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर. स्वराज टाळ्या पिटत म्हणाला, "पप्पा, अजून पळवा!"

"निर्मला," मालक म्हणाले, "म्होरं जरा सपाटी हाय. तिथं कमी झाली तर दार उघड आन पोराला घेऊन उडी मार."

"मी न्हाई मारणार!" मी किंचाळले. "पोर चाकाखाली गेलं म्हंजी?"

"मार म्हणतो ना!"

मी दाराच्या कडीला हात घातला. कडी हाताला लागत व्हती, पण बोटं वळंनात. तसलं भ्या मला पुन्हा कधी वाटलं न्हाई आन वैऱ्यालाबी वाटू नये. उडी मारली तर माझ्या हातानं पोर जाणार, न्हाई मारली तर सगळ्यांबरोबर जाणार. कुणीतरी माझ्यासाठी ठरवावं असं वाटत व्हतं, आन ठरवणारं कुणी नव्हतं.

तवा मामा बोलले. आत्तापतूर ते त्या वासाकडं नाक लावून बसले व्हते, स्वतःच्या बोटांकडं बघत. नखांत काळं व्हतं.

"जानकू, थांबना व्हय रं?"

"आबा, गप बसा!"

"वजन लई झालंय का?"

"आबा!"

मामांनी मागं वळून बघितलं. माझ्याकडं न्हाई, स्वराजकडं. सपाटी आली, गाडी जराशी हळू झाली, जराशीच. पुढचं दार उघडलं, वारा आत घुसला, आन पुढची सीट रिकामी झाली. दार आपटत राहिलं.

मी ओरडले का न्हाई ते आठवत न्हाई. मालक ओरडले, "आबा!" आन त्या ओरडण्याच्या जोरातच गेर दणका देऊन बसला. इंजिन बोंबललं. मालकांनी स्टेरिंग डोंगराकडं दाबलं. पत्रा दगडाला घासत गेला, खिडकीतनं माती आत आली, झाडाच्या फांद्या फाडफाड तुटल्या, आन रस्त्याच्या कामाचा मुरूम पडलेला त्या ढिगात गाडी नाक खुपसून बसली. माझं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. स्वराज आता रडायला लागला. रडतोय म्हंजी हाय, एवढं मला कळलं.

मालक कधी उतरले ते दिसलं न्हाई. मी पोराला काखेत मारून त्यांच्यामागं वर पळत सुटले, चपला तिथंच. वळण संपंचना. वळणाच्या पलीकडं काय दिसंल ते मला बघायचं नव्हतं, तरी पाय पळतच व्हते.

मामा रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसले व्हते. पटका गेलेला, धोतर रगतानं भरलेलं. एक पाय गुडघ्याखाली नको तिकडं वळलेला. आमाला बघून त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी स्वराजला खाली ठेवलं. त्यांनी त्याला चाचपलं, डोकं, मान, बरगड्या, पाय, नुकतं जन्मलेलं कोकरू चाचपत्यात तसं. सगळं जिथल्या तिथं हाय बघून मग म्हणाले, "थांबली का गाडी?"

"थांबली," मालक म्हणाले. त्यांचे दात वाजत व्हते. "आबा, उडी का वो मारली? का मारली उडी?"

मामांना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आरं, उताराला मान्सं उतरत्यात. गाडीवरला भार हलका व्हतो."

घाटात बैलगाडी उताराला लागली की सगळ्यांनी खाली उतरायचं, बैलांवर भार टाकायचा न्हाई. लहानपणापासनं आमी सगळ्यांनी केलेलं हाय ते. ह्या गाडीला बैल न्हाईत, हे त्या घडीला त्यांना कोण सांगणार?

"आन वंगन म्याच घातलंय," मामा म्हणाले. "सकाळच्याला. चारी चाकात. तू नगं म्हनलेला, तरी घातलं."

मला पुन्हा धडकी भरली. मालकांचा राग मला ठाऊक. नारळासाठी दोन दिवस अबोला धरणारा माणूस हा. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग मालक खाली बसले, अंगातला सदरा काढला आन मामांचा पाय मांडीवर घेऊन बांधायला लागले. गाठ बसंना. मीच पुढं होऊन गाठ मारली. "मलाच उघडून बघायला पायजे व्हतं," एवढंच मालक म्हणाले, आन लहान पोरावाणी रडायला लागले.

नगरकडनं कांद्याचा ट्रक उतरत आला, थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, बघितलं आन म्हणाला, "चला पावणं, आळेफाट्याला दवाखाना हाय. म्हाताऱ्याला पुढं घ्या."

मालकांनी आन त्यानं मिळून मामांना उचललं. ट्रकच्या पायरीपतूर आले आन मामांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. सोडंनात.

"म्होरं उतार हाय ना अजून?"

"हाय थोडा," ड्रायव्हर म्हणाला.

"मग म्या चालतो. तुमी व्हा म्होरं."

तुटलेला पाय लोंबतोय आन म्हणत्यात चालतो. आयुष्यभर डोंगरात एकटं ऱ्हायलेला माणूस, लांडग्याला काठीनं हाकललेला. त्यांचे डोळे बघितले मी. मघाशी गाडीत माझे असेच असणार.

मी स्वराजला घेऊन पलीकडच्या दारानं आधी वर चढले. मलाबी त्या ट्रकात बसायचं नव्हतं. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची आमच्यात रीत न्हाई. पण मी खाली वाकून हात पुढं केला. "मामा, या. मी धरते."

चौकटीवरचा एक हात सुटला, दुसराबी सुटला. मग आले.

ट्रक सुटला आन उताराला लागला, तसा त्यांनी माझा हात असा आवळला की बांगड्या फुटल्या. काच दोघांच्याबी हातात रुतली. ना त्यांनी सोडला, ना मी.