अहो, घाई नको

बँड म्हटलं की लोकांना वाटतं पाच-सहा जण, झगमगाट, नुसता धुमाकूळ. या बँडमध्ये माणसं उरली होती तीन. कीबोर्डवर भाऊजी, ड्रमवर त्यांचा मेव्हणा आणि गायला बँकेतल्या कॅशियरबाई. मेव्हणा भाऊजी म्हणतो म्हणून सगळेच त्यांना भाऊजी म्हणत. बाकीचे कोणी परगावी गेले, कोणाला संसाराने गिळलं. त्यांची गिटार-व्हायोलिनं आता भाऊजींच्या लॅपटॉपमधून वाजत आणि हे तिघं त्यांच्या जोडीने वाजवत. ऐकणाऱ्यांना काय, गाणं वाजल्याशी कारण.

पण लॅपटॉप कोणासाठी थांबत नाही, तालाला चुकून चालत नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या डाव्या बाजूला संगीत असे, ते हॉलला ऐकू जाई. उजव्या बाजूला मोजणी असे, ती फक्त भाऊजींच्या इअरफोनमध्ये. एक, दोन, तीन, चार, आता कडवं. ती ऐकून भाऊजी मान हलवत आणि त्या मानेवर मेव्हणा ठेका धरी. मोजणी म्हणजे साधी टिकटिक असती तरी भागलं असतं. पण ती भाऊजींच्या बायकोच्या आवाजात होती.

ती या बँडची आधीची गायिका. ती भाऊजींना सोडून गेली आणि परगावी दुसऱ्याबरोबर संसार थाटला. भांडण नाही, तंटा नाही. "माझं मन लागत नाही इथे," एवढंच म्हणाली. भाऊजींना अन्न गोड लागेना. मेव्हणा तर असा भडकला, की सख्ख्या बहिणीशी त्याने बोलणंच टाकलं. भाऊजींना बजावलं, "तिचा आवाज पुसून टाका. तो वाजत असेल तर मी ड्रमवर बसणार नाही. लाज वाटते हो मला."

"पुसला," भाऊजी म्हणाले. धादांत खोटं! पण करणार काय बिचारे? घरी बोलायला भिंती. 'जेवलात का' विचारणारा एक तो मेव्हणाच. आवाज पुसला तर ती जाणार, नाही पुसला तर हा जाणार. भाऊजींना दोघंही हवे होते.

आणि मग ती औषध कंपनीच्या वर्धापनदिनाची दुपार आली. हॉलवर पोचल्यावर भाऊजींनी पिशवी उघडली तर दोन तोंडांची वायर नाही. तीच डावं-उजवं वेगळं करणारी. वायरींची पिशवी भरणं हे बायकोचं काम असे, आणि भाऊजी अजूनही पिशवी उचलताना ती भरलेली आहे असंच धरून चालत.

"टेन्शन घेऊ नका," साउंडवाला म्हणाला, "माझ्या एका वायरीत सगळं घेतो."

सगळं घेतो म्हणजे सगळंच, हे भाऊजींच्या टाळक्यात तेव्हाच शिरायला हवं होतं. पण समोर कंपनीचे साहेब मनगटावरचं घड्याळ दाखवत उभे होते. भाऊजींनी बटण दाबलं.

"एक, दोन, तीन, चार!"

दोन्ही मोठ्या स्पीकरमधून बाईचा खणखणीत आवाज आला. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या पडल्या. कॅशियरबाईंनी गोंधळून सूर लावला, आणि त्यांच्या सुरावर चढून ती म्हणाली, "आता कडवं. अहो, घाई नको!"

झालं! हॉल खो खो हसत सुटला. मागच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "अहो, ऐका जरा तिचं!" साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. पुढच्या मोजणीला सगळा हॉल तिच्याबरोबर मोजायला लागला. कॅशियरबाईंनी घाबरून पहिलंच कडवं पुन्हा म्हटलं.

भाऊजींची कानशिलं तापली. हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. कारण इतक्या मोठ्याने, अशी चारचौघांत ती किती दिवसांत बोलली नव्हती. ते लोकांसमोर मूर्ख ठरत होते आणि त्यांना ते ऐकायचंही होतं.

मेव्हण्याने ड्रममागून उठून लॅपटॉपचं झाकण धाडकन बंद केलं. भाऊजींकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढची सगळी गाणी त्यांनी लॅपटॉपशिवाय रेटली. तीन माणसांचा आवाज तो केवढा! लोक ताटांकडे वळले. शेवटच्या गाण्याला तर टाळ्या वाजवायचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

हॉल रिकामा झाला. कॅशियरबाई रिक्षा शोधायला गेल्या, साउंडवाला चहाला गेला. मेव्हणा झांजा काढून गुंडाळत होता.

"पुसला म्हणालात ना, भाऊजी?"

"नाही जमलं रे."

"मला तोंडावर खोटं सांगितलंत."

"सांगितलं. तू गेला असतास."

मेव्हण्याने हातातली झांज गुंडाळायची थांबवली. मग म्हणाला, "आत्ता पुसा. माझ्यासमोर."

भाऊजींनी झाकण उघडलं. रडू येत होतं, पण मेव्हण्यासमोर रडायचं कसं? "शेवटच्या गाण्याचा शेवट तेवढा ऐकू दे," ते म्हणाले, "मग पुसतो. तुझी शपथ."

वायर अजून लावलेलीच होती. गाणं संपलं, व्हायोलिन विरलं आणि रिकाम्या हॉलमध्ये ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "हुश्श! झालं बाई. चला, घरी जाऊ या. ए, तू पण चल रे, भात टाकते तुझ्यापुरता."

रेकॉर्डिंग संपल्यावर कोणी बटण बंद केलं नव्हतं, ते राहून गेलेलं. दर कार्यक्रमाच्या शेवटी भाऊजी ते कानात ऐकत आणि मग एकटे घरी जात. मेव्हण्याला ते ठाऊकच नव्हतं.

झांज हातात धरून तो ड्रमच्या खोक्यावर मटकन बसला. भाऊजींनी पुसण्यासाठी बोट पुढे केलं.

"थांबा," मेव्हणा म्हणाला. "ते भाताचं परत लावा."

भाऊजींनी परत लावलं. 'चला, घरी जाऊ या,' असं तिने दुसऱ्यांदा सांगितलं, तरी दोघांपैकी एकही उठला नाही.