मऊ धातूचे आटे

"अहो उस्ता, हे सैल झालं की!"

महफिरत ओतिन-ओपांच्या हातातला पाना एकदम हलका होऊन फिरला आणि त्या तोल जाऊन पुढे झुकल्या. इंजिन जोडणारे इनोयत उस्ता पलीकडे हात पुसत उभे होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही. ते आपले हसत म्हणाले, "ओढा, ओपा, ओढा! अजून थोडी बरकत येऊ द्या."

"बरकत कसली! बोल्ट नुसता गरागरा फिरतोय!"

आमच्या कोकंद शहरातल्या गाड्यांच्या बाजारात ही जुनी रीत आहे. इंजिन जोडून झालं की शेवटच्या बोल्टला गाडीच्या मालकाने हजरत दावूदचं नाव घेऊन एक हिसका द्यायचा. लोखंडाला हात लावणाऱ्या सगळ्यांचे ते पीर. उस्तांच्या वडिलांनी ही रीत पाळली, उस्तांनीही पाळली. बिडाची जुनी इंजिनं असले हिसके मुकाट सोसायची. ओपांच्या गाडीचा ब्लॉक मात्र ॲल्युमिनियमचा. त्यांनी मनापासून ओढलं, आणि उस्तांनी बोल्ट उपसला तेव्हा भोकातले आटेच त्याला गुंडाळून बाहेर आले. चांदीच्या तारेचं वेटोळं असावं तसे.

उस्तांनी ते वेटोळं तळहातावर घेतलं. त्यांचा चेहरा उतरला.

"चूक तुमची नाही, ओपा. धातू मऊ आहे, हे मला ठाऊक होतं. सवयीने बोलून गेलो."

"म्हणजे पिराचं नाव घेऊन मी माझीच गाडी मोडली!" ओपा म्हणाल्या. "छान झालं. आता गाढव बघा माझ्यासाठी एखादं. बोल्ट नसलेलं."

त्या हसल्या, पण पाना सावकाश खाली ठेवला. ओतिन-ओपा म्हणजे बायकांच्या मजलिशीत गाऊन धर्म सांगणारी बाई. नवरा होता तोवर तो त्यांना गावोगाव नेई. तो गेल्यावर त्या स्वतः गाडी शिकल्या. कालव्यापलीकडच्या आडगावांत, जिथे बस जात नाही, तिथल्या बायकांना गाडीचा आवाजच आधी कळतो. मग त्या अंगणात सतरंज्या घालतात. त्या मजलिशीत पुरुषांना जागा नाही. मी भिंतीबाहेर तुतीखाली बसून ऐकत आलोय. एकदा त्या दावूदची कथा गात होत्या. लोखंड हजरतांच्या हातात मेणासारखं व्हायचं, आणि ते गाऊ लागले की डोंगरही साथ धरायचे. भिंतीच्या या बाजूला बसून मी रडलो होतो, हे कोणाला सांगितलेलं नाही.

माझं दुकान उस्तांच्या शेजारीच. बोल्ट, तेल, बुशी. म्हणून दुरुस्तीचं सामान मीच काढून दिलं. इंजिनावरचं हेड पुन्हा उतरवलं. उस्तांनी ब्लॉकवर पोलादी पट्टी बसवली, म्हणजे ड्रिल तिरकं जाणार नाही, आणि गेलेलं भोक मोठं केलं. आता त्यात नवे, मोठे आटे पाडायचे होते. मग त्यात स्टीलची बुश घट्ट बसवायची. तिला बाहेरून मोठे आटे, आतून जुन्या मापाचे. हे जमलं तर ते भोक बाकीच्यांपेक्षा मजबूत. पण आटे कापणारं कडक हत्यार, टॅप, आत मोडला, तर तो कोणाच्या बापाला निघत नाही. ब्लॉक भंगारात. आणि ओपांची गावंही बंद.

उस्तांनी टॅपला रॉकेल लावलं, भोकात उभा धरला आणि तसेच थांबले.

"काय झालं?" मी ओरडून विचारलं.

"अडकायच्या आधी हा कुरकुरतो, हिकमत. तेव्हाच मागे घ्यायचा. हाताला कळतं, पण उशिरा. कानाला आधी कळायचं." त्यांनी कानाला हात लावला. "हे मेले हातोड्यांनी खाल्ले."

"मी ऐकतो की!"

"तू?" ओपा म्हणाल्या. "तुझी बायको पार गल्लीच्या टोकावरून हाका मारते, त्या तुला ऐकू येत नाहीत. सरक. मी ऐकते."

त्यांनी रुमाल कानांमागे सारला आणि स्टूल ब्लॉकला लावून बसल्या. "उस्ता, माझ्या बोटाकडे बघा. बोट वर झालं की मागे."

मी समोरच्या दुकानदाराला रेडिओ बंद करायला लावला. चहावाला किटली घेऊन होता तिथेच थांबला.

"बिस्मिल्ला," उस्ता म्हणाले. "हात माझा नाही, हजरत दावूदचा हात."

टॅप फिरू लागला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. ओपांनी डोळे मिटले. बोट वर झालं. उस्तांनी टॅप मागे घेतला. बारीक चुरा सुटून खाली पडला. पुन्हा पुढे. पुन्हा बोट. कधी लगेच, कधी बराच वेळ नाही. मला सारखं वाटे, आता चुकलं, आता कडकन वाजणार. पण उस्तांची नजर त्या बोटावरून हलली नाही. ज्या बाईच्या आवाजाने अंगणं हेलावतात ती मुकी बसली होती, आणि बहिरा माणूस तिच्याकडून धातूचं म्हणणं ऐकत होता. दावूदला दोनच देणग्या होत्या, हात आणि गळा, असं मी आजवर समजत होतो; कान ही तिसरी.

भोकाच्या तळाशी ओपांचं बोट झटकन वर गेलं आणि वरच राहिलं. उस्ता तत्क्षणी थांबले. टॅप सावकाश, अख्खा, बाहेर आला. चहावाल्याने मोठ्याने श्वास सोडला.

बुश बसली. दुसऱ्या दिवशी हेड चढलं. या खेपेला पाना मापाचा होता. ठरल्या जोराला तो टक् करतो. ते टक् ओपांनी ऐकलं आणि मान हलवली. हिसका कोणी मागितला नाही, कोणी दिला नाही. पाणी भरलं, तेल भरलं. ओपा गाडीत बसल्या. उस्ता समोर उभे राहिले.

ओपांनी चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि इतकं संथ चालू लागलं की बोनेटवरची धूळसुद्धा हलेना. बाजारातले दोन-चार जण हसून एकमेकांकडे बघू लागले. खिडकीतून ओपांचं गुणगुणणं ऐकू आलं.

"फिरवा, ओपा!" उस्ता ओरडले. "घाबरू नका, फिरवा चावी!"

इंजिन तर चालूच होतं. ओपांचं गुणगुणणं थांबलं.

मी पुढे होऊन उस्तांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात बोनेटवर ठेवला. क्षणभर त्यांना काही कळलं नाही. मग तळव्याला इंजिनाची बारीक थरथर लागली आणि त्यांनी दुसराही हात ठेवला, बोटं पसरून, आणि मान खाली घातली. ओपांनी इंजिन तसंच चालू ठेवलं.