फिका गुलाबी

...तिसऱ्या ओळीतला गुलाबी फिकाच होता. चष्मा पुसून पाहिला तरी फिका, पांढऱ्या कागदावर प्लेट ठेवून पाहिली तरी फिकाच. करंगळीचं टोक मावेल एवढे ते खळगे, प्रत्येकात पेशी, आणि त्यांना मुद्दाम जंतूंचं विष देऊन आणलेली सूज — पेशी जितक्या चिडतील तितका वरचा द्रव रंग घालताच गडद होणार. अर्क न घातलेल्या वरच्या दोन ओळी तर पार डाळिंबी झालेल्या. आणि शेवग्याच्या पानांचा अर्क घातलेली ही ओळ...

नाचू नकोस, तिनं स्वतःला बजावलं. मेलेल्या पेशीही चिडत नाहीत. गेल्या खेपेला असाच फिका रंग पाहून ती धावत सरांच्या केबिनमध्ये गेली होती, आणि अर्क इतका जहाल निघाला होता की तळाशी एकही पेशी धड उरली नव्हती. "वा! सूज गेली, सोबत पेशंटही गेला," सर म्हणाले होते आणि सगळी लॅब खो खो हसली होती. तेव्हापासून तिचं नाव बकरी — पाला दिसला की तोंड घालणारी. या वेळी अर्क चांगला पातळ केला होता; तरीही जमलं नाही तर शेवगा बंद, उद्यापासून दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला हातभार. हेही सरांनी सांगून टाकलं होतं, चहा पिता पिता.

"झाला का गं तुझा काढा?" सकाळी आईनं विचारलं होतं, सुजलेल्या बोटांनी डब्याचं झाकण दाबत.

"काढा नाही आई, अर्क."

"तेच ते. मला कधी देणार?"

काय सांगणार? प्लेटमधल्या पेशी म्हणजे आईची बोटं नव्हेत... मधे किती वर्षं आहेत, कुणास ठाऊक. ती नुसती हसली होती आणि डबा घेऊन निघाली होती.

तिनं तळाच्या पेशी अलगद खरवडून घेतल्या, त्यात निळा रंग मिसळला. मेलेली पेशी हा रंग पिऊन टाकते, जिवंत पेशी त्याला दारातच अडवते. मायक्रोस्कोपला डोळा लावला — धूसर, सगळं धूसर, चाक जरासं फिरवलं — आणि मग एकदम स्वच्छ. गोल, लख्ख, बिनरंगी. एखादी निळी होती, ती असायचीच, मरण कुणाला चुकलंय! पण बाकीच्या? जिवंत आहात गं बायांनो, सगळ्या जिवंत आहात, आणि शांत आहात... मी केलं हे. या बकरीनं केलं!

इंटरकॉम वाजला. "काय झालं? घेऊन ये इकडे."

"सर, तुम्हीच वर या ना."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "बरं... येतो."

हा आवाज आपला? तिला नवल वाटलं आणि मजाही. सर शंका काढतील, हे सगळं पुन्हा करायला लावतील, बरोबरच आहे, करू, दहादा करू. जिन्यावर पावलं वाजली, दार उघडलं. एरवी ती ताडकन उठून उभी राहायची. आज तिनं मायक्रोस्कोपवरून डोळाही हलवला नाही. थांबतील थोडे. तिचंच अजून पाहून झालं नव्हतं.