खालचा फुटवा

विहिरीपासून बांधापर्यंत बारा खड्डे होते आणि अकरा झाडं. नूतनने एकदा विहिरीकडून मोजलं, मग उलटं बांधाकडून; दोन्ही वेळा अकराच भरली. सातवा खड्डा तेवढा मोकळा होता. प्रत्येक झाडाभोवती मातीचं गोल आळं, त्यात भाताचा पेंढा अंथरलेला, आणि तणाची एक काडीही नाही. तिने पिशवीतून शिंप्याची टेप काढली, गुडघ्यावर बसून बांधाकडच्या पहिल्या झाडाची उंची घेतली आणि फॉर्मवर लिहिली: पाच फूट दोन इंच. दुसऱ्याची चार फूट अकरा.

तिसऱ्या झाडाशी टेप एका फांदीत अडकली. ती सोडवताना एक पान तिच्या बोटांत आलं आणि नूतनचा हात तिथेच थांबला.

पानाच्या टोकाला खाच होती.

चिकूचं पान टोकाकडे निमुळतं होत जातं. अशी खाच असते रायणीच्या पानाला. कॉलेजात असताना खिरणी या नावाखाली हेच पान तिने वहीत काढलं होतं आणि खाच ठळक करण्यासाठी पेन्सिलीला दोनदा टोक केलं होतं. तिने शेजारचं पान पाहिलं, वरच्या फांदीचं पाहिलं. मग उठून पहिल्या दोन झाडांकडे परत गेली; तिथेही खाच होतीच. रस्त्यावरून पाहणाऱ्याला हे झाड चिकूचंच वाटलं असतं.

चिकूचं कलम बांधतात ते रायणीवर. खाली रायणीचं रोप, वर चिकूची काडी, मध्ये प्लास्टिकच्या पट्टीची गाठ. जमिनीत लावल्यावर गाठीखालून रायण सारखी फुटत राहते. तो कोवळा फुटवा अंगठ्याने खुडून टाकायचा. नाहीतर पाणी सगळं तो पितो आणि वरचा चिकू वाळतो. डहाणूला नूतनच्या घरच्या वाडीत लक्ष्या गडी हे काम जाता-येता करायचा. बोलणं चालू असायचं त्याचं, आणि अंगठा आपला झाडावर. त्याला ते कुणी शिकवताना तिने पाहिलं नव्हतं.

तिने तिसऱ्या झाडाच्या खोडावरून बोट खाली नेलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक सुकी खुंटी लागली, करंगळीएवढी. तिला अजून प्लास्टिकची पट्टी होती.

"काय ताई, मेजरमेंट चुकलं काय?"

ही झाडं जिच्या जमिनीत होती त्या बारकीचा मुलगा दिपक झोपडीच्या ओट्यावर मोबाइल चार्जिंगला लावून बसला होता. सीमेपलीकडे गुजरातमधल्या कंपनीत तो कामाला होता. रविवार असल्यामुळे घरी होता. गेली तीन वर्षं नूतन त्यालाच फोन करायची. किती आहेत? अकरा, ताई. कशी आहेत? एकदम मस्त. की ती, पाड्यांवर झाडं लावणाऱ्या ज्या संस्थेत काम करायची, तिच्या अहवालात लिहायची: चिकू, लावले बारा, जिवंत अकरा.

"नाही, बरोबर आहे," नूतन म्हणाली.

"मग मी टेम्पो सांगून ठेवू का? टेम्पोवाला रघ्या रोज विचारतो. बोलतो, तुझ्या आईचे चिकू माझ्या नातवाच्या लग्नात वाटायचेत. त्याच्या पोराचं अजून लगीन नाय झालेलं."

नूतन हसली. हसताना आपल्या हातात अजून ते पान आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते सोडलं.

विहिरीवर बारकी पाणी शेंदत होती. दोर ओढताना ती गात होती. चाल तिच्या लोकांची होती, शेतात बायका म्हणतात तशी, ओळीच्या शेवटी खाली उतरणारी. शब्द मात्र नूतनचे होते.

*पान न तोडू, फांद न मोडू,*
*झाड आपुले वाढू दे.*

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नूतनने ही कविता केली होती आणि तिला कॉलेजचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. २०१५च्या जुलैत संस्थेने याच पाड्यावर बारा कलमं लावली तेव्हा तिने ती माइकवरून म्हटली, सगळ्या बायकांकडून दोनदा म्हणून घेतली. मग हात वर करून म्हणाली होती, "लक्षात ठेवायचं हं, एकही पान तोडायचं नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जमीन बारकीने दिली होती, विहिरीलगतची. तिथे ती वांगी-मिरची करून तलासरीच्या बाजारात विकायची. चौथ्या वर्षी फळ येईल, असं नूतनने तिला सांगितलं होतं. हे चौथं वर्ष होतं. फेब्रुवारी अर्धा सरला होता.

सूचना लेखी दिल्या नव्हत्या असंही नाही. नूतनने स्वतः एक पत्रक तयार केलं होतं.

"ते पत्रक आहे का रे अजून, दिपक?"

दिपक आत जाऊन घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते कुडाला खोचून ठेवलेलं होतं. चौथा मुद्दा तिला पाठ होता, तरी तिने वाचला. *मूलकांडावर येणारी अनिष्ट वाढ वेळोवेळी काढून टाकावी.*

"हेच विचारायचं होतं," दिपक म्हणाला. "अनिष्ट वाढ म्हणजे काय, ताई? मी शाळेतल्या गुरुजींना विचारलेलं. ते बोलले, गवत असेल. तर आई गवत काढते. दर आठ दिवसांनी, उकिडवं बसून."

नूतनने आळ्यांकडे पाहिलं. अकराच्या अकरा स्वच्छ होती.

तिने पत्रक घडी घालून परत दिलं आणि मापं घेणं पुढे चालू केलं. चौथं, पाचवं, सहावं. प्रत्येक खोडावर ती आधी खुंटी शोधायची आणि मग टेप धरायची. खुंटी सगळीकडे होती. उंचीखेरीज फॉर्मवर दोनच रकाने होते, जिवंत आणि मृत. झाड कुठलं, हे विचारणारा रकाना नव्हता. नाव वरतीच छापलेलं होतं, चिकू. बारापैकी अकरा म्हणजे एक्क्याण्णव पूर्णांक सदुसष्ट शतांश टक्के. हा आकडा तिने सकाळी आशागड सोडताना स्कूटरवरच काढून ठेवला होता. सोमवारी तो संस्थेत द्यायचा होता. त्यावरून या जुलैत सहा पाड्यांना सहाशे कलमं जायची होती, आणि प्रत्येक कलमाला बांधायच्या कार्डावर तिची कविता छापायची होती. कार्डाचा नमुना तिच्या पिशवीत होता.

अकरावं झाड विहिरीलगत होतं. तिथे ती पोचली तोवर बारकीने हंडा खाली ठेवला होता.

"झालं, बाय?"

"झालं, मावशी. छान वाढलीत."

बोलून झाल्यावर तिला आपलाच आवाज परका वाटला. तिने "मृत"च्या रकान्यात एक लिहिलं, "जिवंत"च्या रकान्यात अकरा, आणि पेनाला टोपण लावलं.

"बस जरा. चा ठेवते."

कोरा चहा स्टीलच्या पेल्यातून आला. नूतनने दोन्ही हातांनी पेला धरला. तिच्या घरी बारकीसारख्या बाईला, वय कितीही असलं तरी, नुसत्या नावाने हाक मारली असती. मावशी म्हणायला ती संस्थेत शिकली होती. बारकी समोर जमिनीवर बसली आणि तिने झाडांकडे पाहत विचारलं,

"किती साल अजून?"

"लागेल थोडा वेळ."

"थोडा म्हणजे?"

"जमिनीवर असतं ना ते. पाण्यावर." नूतनने चहाचा घोट घेतला. तोंड भाजलं. "एखाद-दोन वर्षं."

ओट्यावर दिपकने मोबाइल उलटा ठेवला. बारकी म्हणाली, आवाज न चढवता, जणू हवापाण्याचं बोलतेय,

"रायणीला लय लागतात. पंधरा तरी."

नूतनने पेला खाली ठेवला. तो कलंडला आणि चहा मातीत गेला.

"तुला ठाऊक होतं?"

"लहान होते तं जंगलात गुरं राखलीत मी. रायणीचं पान मला कोण शिकवील?"

"कधीपासून?"

"दुसऱ्या साली. पानं आली ना बरोबर, तवा."

नूतनने दिपककडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने ओट्याचा पोपडा उकरत होता.

"तू पण? आणि टेम्पो कसला सांगत होतास?"

"आई बोललेली, ताईला बोलू नको," तो म्हणाला. "मग मस्करी तरी करायची ना माणसानं."

"का नाही सांगितलंत मला?"

बारकीने कलंडलेला पेला उचलून बाजूला सरळ ठेवला. "तू शिकलेली पोर. मला वाटलं, चिकू बोलून रायण देत असतील. पैले पण असं दिलंय लोकांनी आमाला, एक बोलून दुसरं. तू एवढं गाणंबिणं म्हटलंस. माझ्या तोंडानं सांगितलं असतं तं तुलाच लाज वाटली असती."

"मग पाणी कशाला घालत होतीस?"

"झाडानं काय केलंय?"

विहिरीच्या काठावर एक बुलबुल येऊन बसला आणि उडून गेला. नूतन उठली. तिने बारकीला अकराव्या झाडाकडे बोलावलं, तिचा हात धरून खोडावर खाली नेला आणि त्या सुक्या खुंटीवर ठेवला.

"हा चिकू होता, मावशी. फसवलं नव्हतं. खाली रायण, वर चिकू बांधलेला. खालून रायण फुटली की फुटवा काढायचा असतो. नाही काढला की वरचा मरतो."

बारकीची बोटं खुंटीवरून फिरली, पट्टीवरून फिरली. मग ती ओळीने सगळ्या झाडांकडे पाहू लागली, विहिरीकडून बांधापर्यंत.

"म्हंजे आमच्याच हातनं मेले?"

"नाही. माझ्या."

"तू तं नव्हतीस इथं."

"नव्हते," नूतन म्हणाली. "आणि तुम्हाला सांगून गेले होते, पान तोडायचं नाही."

दिपक ओट्यावरून उतरून जवळ आला होता. खोडाच्या बुडाशी एक फुटवा नुकताच निघाला होता, तांबूस, दोन पानांचा. बारकीने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"काढायचा म्हंजे कसा? दाखव."

नूतन खाली बसली. लक्ष्या करायचा तसं तिने फुटव्याच्या मुळाशी अंगठा टेकवला आणि बाजूला दाबला. टचकन आवाज झाला. तुटल्या जागी पांढऱ्या चिकाचा एक थेंब आला.

बारकी वाट पाहत राहिली. पुढे काहीच झालं नाही तेव्हा तिने विचारलं,

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच होतं," बारकी दिपककडे वळून म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. नूतनला मान वर करता आली नाही. तिच्या अंगठ्याला चीक चिकटला होता. तो ती दुसऱ्या बोटाने पुसत राहिली आणि तो दोन्ही बोटांना लागला.

मग ती म्हणाली, "या रायणीवर पुन्हा कलम बांधता येतं. माझ्या घरच्या वाडीतल्या काड्या आणते पावसाळ्यात. लक्ष्याला घेऊन येते. तो मला शिकवेल, मी बांधेन. दर महिन्याला येऊन बघेन."

"फोन करून?" दिपकने विचारलं.

"येऊन."

बारकीने हिशोब सांगितला. "दहांवर बांध. ही एक राहू दे, विहिरीजवळची."

"हिला फळ धरायला पंधरा वर्षं लागतील, मावशी. तूच म्हणालीस."

"लागू देत." बारकीने हंडा उचलून कमरेवर घेतला. "रायण कोण लावतंय, बाय? पाखरं टाकतात बी, तवा येते. माणसाने लावलेली मी तं नाय बगितली."

ती ओळीतल्या पहिल्या आळ्याकडे गेली आणि पाणी ओतू लागली. गात मात्र नव्हती.

नूतनने फॉर्म काढला आणि आधी लिहिलेला अकराचा आकडा खोडला. शेजारी मोकळी जागा नव्हती. तेव्हा तिने पिशवीतून कार्डाचा नमुना काढला, तो उलटा करून गुडघ्यावर ठेवला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर पट्टीशिवाय तीन रेघा मारल्या. वर तारीख घातली, सतरा फेब्रुवारी दोन हजार एकोणीस. मग विहिरीजवळच्या झाडाभोवती टेप गुंडाळून तिने आकडा दोनदा वाचला आणि लिहिलं:

लावलेले चिकू: १२. जिवंत चिकू: ०. जिवंत रायण: ११. झाड क्रमांक अकरा, खोडाचा घेर, जमिनीपासून वीतभर उंचीवर: साडेतेरा सेंटिमीटर.