डेलबर्टचा शेणाचा पो

डेलबर्ट योस्टने उभा जन्म लोकांच्या कवळ्या करण्यात घालवला होता. युमा गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्याच्या हातचं हसू होतं. निवृत्त झाल्यावर तेच कसब तो वाळवंटात घेऊन गेला आणि डब्या लपवायला लागला. जिओकॅशिंग म्हणतात या खेळाला. एकाने डबी लपवायची, ठिकाण इंटरनेटवर टाकायचं. बाकीच्यांनी फोनवरच्या नकाशाने तिथवर जाऊन ती हुडकायची, आतल्या चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून यायचं. मिळत काहीच नाही. म्हणूनच लोक त्यापायी जीव टाकतात.

डेलबर्टने पोकळ दगड केले, निवडुंगाची वाळकी फांदी केली, एकदा तर मेलेला सरडा केला. मर्ना टटलने प्रत्येक वेळी पहिल्याच दिवशी डबी शोधून काढली. मर्ना म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेली काटक बाई. सापडलं की ती इंटरनेटवर एवढंच लिहायची, "सापडली. छान हवा होती."

"हिला हवेचं कोण विचारतंय?" डेलबर्ट बायकोपाशी धुमसायचा.

"मग ती हातच लावणार नाही असं काहीतरी कर," वीडा बटाटे सोलता सोलता म्हणाली. तिला विषय संपवायचा होता.

विषय तिथून सुरू झाला. दुसऱ्या दिवशी डेलबर्ट हेक्टर आर्विझूच्या कुरणातून शेणाचा एक वाळका पो घेऊन आला. जबड्याचं माप घ्यायच्या गुलाबी लगद्यात त्याने त्याचा ठसा घेतला आणि कवळीच्याच मसाल्याचा नवा पो ओतला. माणसाचे दात किती तऱ्हांनी पिवळे पडतात हे ज्याला ठाऊक, त्याला शेणाचा रंग काय जड? गवताच्या काड्या, धूळ, कॉफीचा चोथा, कडेला एक तडा, मधोमध किड्याचं भोक. पोटात डबी. वीडाने स्वयंपाकघरातल्या ओव्हनजवळ फिरकू दिलं नाही, म्हणून त्याने तो गाडीच्या बॉनेटवर उन्हात वाळत घातला.

शेजाऱ्यांनी वस्तीच्या अध्यक्षीणबाईंकडे तक्रार केली, की योस्टांच्या गाडीवर गाय चढली होती. बाई पाहायला आल्या.

"खोटा आहे," डेलबर्ट अभिमानाने म्हणाला. बाईंना पटेना, तेव्हा त्याने पो उचलून गालाला लावला. बाई मागच्या मागे सरकल्या आणि पुन्हा त्या गल्लीत दिसल्या नाहीत.

मग तो हेक्टरकडे परवानगी मागायला गेला.

"माझ्या रानात शेण काय कमी आहे, म्हणून तू आणखी आणून टाकणार?" हेक्टर म्हणाला.

"एकच. आणि खोटं."

हेक्टरने टोपी काढून डोकं खाजवलं. "ठेव बाबा. गायींना सांगू नकोस म्हणजे झालं."

मर्ना आली. तिने दगड उलटे केले, झुडपांची मुळं चाचपली, निवडुंगांच्या ढोलीत डोकावली. दमली तेव्हा जमिनीवर बसली आणि कॉफीचा थर्मास शेजारच्या पोवर टेकवला, कारण तिथे तेवढीच जागा सपाट होती. दूरवरच्या टेकाडावरून डेलबर्ट हे दुर्बिणीतून पाहत होता. त्याचे डोळे भरून आले. संध्याकाळी मर्नाने लिहिलं, "सापडली नाही." डेलबर्टने ते वीडाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि जेवताना पुन्हा एकदा वाचलं.

मर्ना येत राहिली, हात हलवत परतत राहिली. शेवटी तिने लिहिलं, "डबी जागेवर आहे का, ते मालकाने बघून यावं." असं कुणी म्हटलं की मालकाला जावंच लागतं.

डेलबर्ट गेला. आणि जागच्या जागी खिळला. एका गाईने नेमका त्याच्या पोवर आपला पो टाकला होता. ताजा, भलामोठा, कडेपासून कडेपर्यंत. काम इतकं सफाईचं होतं, की आधी त्याला रागाऐवजी मत्सरच वाटला. मग काळजी लागली. वजनाने खालचा फुटला तर नसेल? त्याने बाही वर केली, गुडघे टेकले आणि हात आत घातला.

"डेलबर्ट."

मर्ना मागे उभी होती.

"तुझा हात शेणात आहे," ती म्हणाली.

"हो."

"का?"

खरं सांगावं तर सगळी मेहनत मातीत. डेलबर्टने दूर डोंगराकडे पाहिलं. "गार लागतं," तो म्हणाला.

मर्नाने बाटलीतलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. तेवढ्यात हेक्टरची गाडी धूळ उडवत आली.

"याला ऊन लागलंय," मर्ना म्हणाली. "शेणात हात घालून बसलाय."

हेक्टरने डेलबर्टकडे पाहिलं. डेलबर्टने डोळ्यांनीच गयावया केली.

"होतं असं," हेक्टर गंभीरपणे म्हणाला. "माझ्या मेव्हण्यालाही झालं होतं. तो तर बसायचाच त्यात."

मर्नाने डेलबर्टला दवाखान्यात नेलं, हात खिडकीबाहेर धरायला लावून. डॉक्टरीणबाईंनी वार विचारला, साल विचारलं. त्याने बरोबर सांगितलं. "मग शेणात हात का घातलात?" समोरच्या खुर्चीत मर्ना बसली होती. डेलबर्टने मान खाली घातली आणि गार लागतं म्हणून सांगितलं. बाईंनी आठवडाभर उन्हात जायला बंदी केली. फोनवर हे ऐकून वीडा इतका वेळ हसली, की मर्नाला ती रडतेय असं वाटलं आणि ती रोज शिजवलेलं काहीबाही घेऊन यायला लागली. डेलबर्टने ते शरमत खाल्लं, पण डबीचं गुपित फोडलं नाही.

बंदी उठायच्या आदल्या सकाळी मर्ना रिकाम्या हाताने आली. म्हणजे डावा रिकामा, उजवा मनगटाच्या वरपर्यंत शेणाने हिरवट होता.

"ऊन लागलेला माणूस हात नुसता ठेवून बसतो," ती म्हणाली. "तू दाबून बघत होतास. हे मला काल अंथरुणात सुचलं."

"फुटला तर नाही ना?" डेलबर्टने विचारलं.

"तडा आहे एक."

"तो मी केलेला."

वीडाने दोघांनाही घरात येऊ दिलं नाही. अंगणातल्या नळावर मर्ना हात घासत राहिली आणि डेलबर्ट शेजारी उभा राहून वाद घालत राहिला. तिचं म्हणणं, वरचं शेण काढून टाक, ते खेळात धरता येत नाही. त्याचं म्हणणं, ते काढणं म्हणजे दुसऱ्याच्या कामाचा अपमान. बोलता बोलता मर्नाही नरमली. वरचा थर जमलाय सुरेख, हे तिला कबूल होतं.

दुसऱ्या दिवशी डेलबर्ट हेक्टरकडे गेला आणि ते काम नेमकं कोणत्या गाईचं, असं विचारलं.

"तीनशे गायी आहेत माझ्या," हेक्टर म्हणाला. "काय, चौकशी बसवू?"

डेलबर्ट म्हणाला, काही घाई नाही, सवडीने बघ.